उजेडाचा जमाखर्च

(तोरणमाळ येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : गावपातळीवरील स्वच्छ ऊर्जेच्या व हवामानविषयक कामांसाठी सार्वजनिक पैसा कोठून व कसा उभा राहील? विषयाचे नाव लांबलचक आहे. परंतु काल रात्री जेवणे आटोपल्यावर एका भगिनीने तोच प्रश्न मला एका वाक्यात विचारला. त्यांच्या ग्रामसभा कोषात यंदा थोडे पैसे आले आहेत. त्यांतून दिवे लावावेत की पिठाची गिरणी घ्यावी? मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. माझी मराठी पुस्तकी आहे, ती आपण सांभाळून घ्याल अशी आशा करतो.

आरंभी याच अक्राणी तालुक्यातली एक हकीकत सांगतो. आपल्यापैकी अनेकांना ती माझ्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु बाहेरून आलेल्या तरुणांनी ती ऐकली पाहिजे. जानेवारी २००३ मध्ये बिलगाव येथे, दोन नद्यांच्या संगमाजवळ, १५ किलोवॅटचे एक लहानसे जलविद्युत केंद्र सुरू झाले. केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांनी ते आखले, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी माणसे जोडली, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या परदेशस्थ भारतीयांच्या संघटनेने पैसा जमविला आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. सुमारे तीनशे घरांपर्यंत उजेड पोहोचला. २००४ साली आलेल्या ‘स्वदेश’ या हिंदी चित्रपटामागे याच कामाची प्रेरणा होती. चित्रपटाच्या अखेरीस दिवा लागतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. बिलगावची गोष्ट तेथे संपली नाही. २००६ साली सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यात आली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात धरणाच्या फुगवट्याने हे केंद्र गिळून टाकले.

विजेसाठी बांधलेल्या धरणाने वीज बुडविली! यातला उपरोध कोणालाही कळेल. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने उपरोधापाशी थांबता कामा नये, त्याने हिशेब मांडला पाहिजे. सरदार सरोवराची स्थापित क्षमता १,४५० मेगावॅट आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे त्या विजेतला २७ टक्के हिस्सा महाराष्ट्राचा, म्हणजे क्षमतेच्या हिशेबाने सुमारे ३९१ मेगावॅट. बिलगावसारखी २६ हजार केंद्रे त्यात बसतील. तेव्हा महाराष्ट्राच्या जमाखात्यात ही नोंद मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, ज्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांनी त्या जमेसाठी आपली जमीन, नदी आणि जंगल खर्ची घातले, त्यांच्या खात्यात काय जमा झाले?

येथे एक कबुली देणे मला भाग आहे. १९९० च्या सुमारास मी वर्गात लाभ-व्यय विश्लेषण शिकवीत असे आणि उदाहरण म्हणून फळ्यावर हेच धरण मांडीत असे. एका बाजूला मेगावॅट आणि हेक्टर, दुसऱ्या बाजूला विस्थापित कुटुंबांची संख्या. लाभाचा स्तंभ नेहमीच उंच येई आणि मुले तो वहीत उतरवून घेत. लाभ कोणाच्या पदरात आणि व्यय कोणाच्या माथी, हा स्तंभ मी कधी आखलाच नाही. पाठ्यपुस्तकात तो नव्हता हे खरे. पण फळा माझा होता आणि खडूही माझ्या हातात होता. आज जेव्हा स्वच्छ ऊर्जा, हरित विकास असे नवे शब्द कानी पडतात, तेव्हा तीच चूक नव्या नावाने पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी मी येथे उभा आहे.

आता सरकारी पैशाचे दरवाजे एकेक करून तपासू.

पहिला दरवाजा घरटी अनुदानाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये. भागाकार केला तर घरामागे सुमारे ७५ हजार रुपये पडतात. छपरावर तीन किलोवॅटचा संच बसविणाऱ्यास ७८,००० रुपये मिळतात. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या अटी पाहा : स्वतःचे पक्के छप्पर हवे, वीजमंडळाची तार घरापर्यंत आलेली हवी आणि उरलेली रक्कम स्वतः घालण्याची किंवा कर्ज घेण्याची ऐपत हवी. पुण्यातील माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकास ती सहज लागू होते. कुडाच्या भिंतींच्या, तारेपासून दूर असलेल्या पाड्यास ती लागू होत नाही. अनुदान ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याच्याकडेच वाहत जाते, हा आपल्या अर्थव्यवस्थेचा जुना उतार आहे. सूर्यप्रकाश सर्वांवर सारखा पडत असला तरी हा उतार बदललेला नाही.

तारेबाहेरच्या घरांसाठी वेगळी तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ योजनेत अशा घरांना स्वतंत्र सौर संचासाठी घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. मात्र ती विशेष असुरक्षित मानलेल्या जमातींपुरती आहे. महाराष्ट्रात त्या तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भिल्ल आणि पावरा त्या यादीत नाहीत. २ ऑक्टोबर २०२४ रोजी आरंभ झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’ने ही तारेबाहेरच्या सौर विजेची तरतूद इतर आदिवासी गावांसाठीही खुली केली. अभियानाची एकूण रक्कम ७९,१५६ कोटी रुपये आणि गावे सुमारे ६३ हजार. हा दरवाजा आपल्यासाठी आहे. तो ठोठावला पाहिजे, लेखी ठोठावला पाहिजे आणि ठोठावल्याची पोच घेतली पाहिजे.

दुसरा दरवाजा आदिवासी उपयोजनेचा. सुखठणकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून महाराष्ट्राने आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, योजना-निधी वेगळा काढण्याचे तत्त्व स्वीकारले. पैसा वेगळा निघाला, पण तो खर्च करणारे हात खात्याचेच राहिले. २०१५ पासून त्यात एक महत्त्वाची भर पडली. अनुसूचित क्षेत्रातील पेसा गावांना उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम थेट मिळू लागली. हाच तो अबंध निधी. म्हणजे कोणत्या कामावर खर्च करावा हे मंत्रालयाने नव्हे, ग्रामसभेने ठरवावयाचे. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसा यांची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, जलसंधारण व वनोपजीविका अशी त्याची व्यापक क्षेत्रे आहेत. रक्कम लहान आहे, पण स्वभावाने ती वेगळी आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, या पाच टक्क्यांत लोकशाहीचे बीज आहे, असे मी मानतो.

तिसरा दरवाजा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले. पण त्यातील साठ टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून टाकले. बांधलेला पैसाही हुशारीने वापरता येतो. पिण्याचे पाणी विहिरीतून पाड्यापर्यंत चढविणारा सौरपंप ही पाण्याचीच योजना आहे आणि ऊर्जेचीही.

चौथा दरवाजा खास हवामानासाठी काढलेल्या निधींचा; आणि येथे मात्र मोठी निराशा पदरी येते. २०१० साली केंद्राने दगडी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा करावयाचा होता. ‘जो धूर करतो त्याने भरपाई करावी’ हे तत्त्व उत्तम होते. २०१० ते २०१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यातील निधीत वर्ग झाले सुमारे २९,६४५ कोटी, आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष लागले सुमारे १५,९११ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले अठरा. २०१७ साली हा उपकर वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विलीन झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तोही जाऊन कोळशावर सरसकट १८ टक्के कर आला. कराचे स्वच्छ ऊर्जेशी असलेले नाते तुटले.

दुसरा असा निधी राष्ट्रीय हवामान अनुकूलन निधी. तो २०१५ साली नाबार्डच्या हाती सोपविण्यात आला. त्यातून महाराष्ट्राला मिळालेल्या प्रकल्पात नंदुरबार आणि बुलढाणा जिल्ह्यांतील ५१ गावे होती. विषय पाण्याचा जपून वापर आणि बदलत्या हवामानात टिकणारी शेती. म्हणजे आपला जिल्हा या देशाच्या हवामान-नकाशावर अगदीच अनोळखी नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या निधीचा ‘योजना’ हा दर्जाच काढून घेतला. पावसाचा बेभरवसा वाढत असताना, मका-ज्वारीचे पीक हातचे जाऊन माणसे ऊसतोडीला गुजरातेत जात असताना, अनुकूलनाचा निधीच आखडावा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

पाचवा दरवाजा कर्जाचा. आजकाल तज्ज्ञ मंडळी सांगतात की, अनुदानाचे दिवस गेले, हरित रोखे काढा. इंदूर महानगरपालिकेने २०२३ साली २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. कशासाठी? याच नर्मदेचे पाणी इंदुरापर्यंत चढविण्यास लागणारी वीज जलूद येथील ६० मेगावॅटच्या सौर केंद्रातून मिळविण्यासाठी. शहराने शहाणपणाचे काम केले. त्याबद्दल तक्रार नाही. पण महानगरपालिकेपाशी घरपट्टी आहे, पत आहे. आपल्या शेजारी साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सरकारी वीजकंपनीने २०१३ साली १२५ मेगावॅटचे सौर केंद्र उभारले, त्याला जर्मनीच्या सरकारी बँकेचे कर्ज मिळाले. मोठ्या कामाला परदेशचे सार्वजनिक भांडवल धावून येते. पंधरा किलोवॅटवाल्या गावाने कोणते तारण द्यावे? ज्या सावकाराच्या वहीतून बाहेर पडण्यासाठी १९७१-७२ साली शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजूर उठले, त्यांच्या नातवंडांना ‘हवामानासाठी’ पुन्हा कर्जात लोटणे हा काही मार्ग नव्हे. वातावरणात साठलेला धूर या पाड्यांनी केलेला नाही. मग त्याचे व्याज त्यांनी का भरावे?

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचाही उल्लेख होतो. त्यातून चांगली कामे झाली आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ साली सुमारे चाळीस घरांसाठी सौर लघुजाल उभे राहिले. भांडवल एका परदेशी कंपनीचे, चालविणारा न्यास गावाचा आणि मासिक बिल भरणारे गावकरी. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण दान हे दात्याच्या इच्छेवर चालते. अन्न, पाणी, उजेड या गोष्टी कोणाच्या मर्जीवर सोडावयाच्या नसतात, हे समाजवादाचे पहिले सूत्र आपण विसरू नये.

मग करावे काय? मला चार मागण्या सुचतात. त्या स्वप्नाळू नाहीत. प्रत्येकीला याच देशात आधार आहे.

पहिली मागणी धरणाच्या विजेतील हिश्श्याची. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने नव्या प्रकल्पांतून राज्याला १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का वीज स्थानिक क्षेत्रविकास निधीसाठी राखली. सरदार सरोवर त्याआधीचे, म्हणून ते या धोरणात येत नाही. पण महाराष्ट्र सरकारला आपल्या २७ टक्क्यांच्या वाट्यातून एक टक्का काढून ठेवण्यास कोणी अडविले आहे? त्या विजेची किंमत दरवर्षी अक्राणी-अक्कलकुव्यातील ग्रामसभांच्या कोषात जमा व्हावी, पाडे तारेने जोडलेले असोत वा नसोत. ही भीक नाही. बुडालेल्या भांडवलावरचा तो लाभांश आहे.

दुसरी मागणी कराची. येथे महाराष्ट्राचा स्वतःचाच इतिहास आपल्या मदतीला येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी विस्तारली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया गावाकडच्या मजुराच्या कुदळीपर्यंत पोहोचला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर राज्य सरकारने घालावी असे ठरले. शहर आणि खेडे यांच्यामध्ये कायद्याने बांधलेला असा पूल देशात दुसरा क्वचितच असेल. आज व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. ही कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने घातली आणि त्यानंतर ती हललेली नाही. ती हलविण्यास दिल्ली लागते. परंतु विजेच्या वापरावर कर बसविणे हा राज्यसूचीतील अधिकार आहे. महिन्याला हजार युनिट जाळणाऱ्या वातानुकूलित बंगल्यांवर आणि मोठ्या व्यापारी संकुलांवर चढता अधिभार बसवून, तेवढीच भर राज्याने घालून, वैधानिक ग्रामऊर्जा निधी उभारता येईल.

कोणी म्हणेल की, कोळशाच्या उपकराचे काय झाले ते तुम्हीच आत्ता सांगितलेत. आक्षेप रास्त आहे. फरक असा की कोळशाचा पैसा मागण्याचा हक्क कोणत्याही नागरिकास नव्हता. रोजगार हमीत तो होता. काम न मिळाल्यास भत्ता मागता येत असे. निधीमागे मागणाऱ्याचा कायदेशीर हक्क उभा नसेल, तर तो अर्थखात्याच्या गंगेत वाहून जातो. म्हणून केवळ निधी नको, हक्कासह निधी हवा.

तिसरी मागणी मालकीची. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, रस्ता, पाण्याची नळयोजना, वीजवाहिनी आणि अपारंपरिक ऊर्जेची साधने यांसाठी वनजमीन वळविता येते. प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे न तोडता. हे कलम आपल्या हातात आहे. त्याचा वापर करा. उभे राहणारे प्रत्येक केंद्र ग्रामसभेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत किमतीसह लिहा. बिलगावचे केंद्र बुडाले तेव्हा जे बुडाले ते कोणत्या खात्यात मांडावयाचे, हा प्रश्न पुन्हा कोणत्याही गावापुढे येता कामा नये.

चौथी गोष्ट सरकारकडे नव्हे, आपल्याकडेच मागावयाची आहे. ती म्हणजे घसारा. येथे येताना वाटेत मी एक सौरदिवा पाहिला. खांब उभा, वरचे पाटे शाबूत, बॅटरी मेलेली. सरकारी योजना यंत्र देते, यंत्राचे म्हातारपण देत नाही. चाळीस घरांनी महिना शंभर रुपये काढले तर वर्षाचे ४८,००० आणि पाच वर्षांचे २,४०,००० होतात. शंभर रुपये ज्याला जड त्याने पन्नास द्यावेत, कोणी श्रम द्यावेत. पण खाते उघडावे आणि त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक स्त्रियांकडे असावी. लोकवर्गणीचे कौतुक करून सरकारला मोकळे सोडणाऱ्यांपैकी मी नाही. भांडवल राज्याने घालावे, देखभाल गावाने करावी. हा वाटा न्याय्य आहे, कारण देखभाल करणाराच खरा मालक होतो.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. ताई, माझे मत विचाराल तर ग्रामसभा कोषातून गिरणी घ्या. कारणे तीन आहेत. एक : दिव्यांसाठी ‘धरती आबा’ची बांधील तरतूद आहे, गिरणीसाठी अशी तयार तरतूद माझ्या पाहण्यात नाही. बांधलेला पैसा जेथे मिळतो तेथे अबंध पैसा घालू नये. तो दुर्मिळ आहे. दोन : गिरणी दिवसा चालते, ऊन असेपर्यंत चालते. तिला बॅटरी लागत नाही आणि सौर संचात वारंवार बदलावी लागणारी महाग वस्तू बॅटरीच असते. तीन : गिरणी दळणाचे पैसे मिळविते, दिवा पैसे मिळवीत नाही. गिरणीच्या उत्पन्नातून उद्या दिव्याची बॅटरी घेता येईल. शिवाय दळणासाठी डोक्यावर धान्य घेऊन डोंगर उतरणे-चढणे वाचेल. ते श्रम माझ्या पुस्तकांतल्या कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजलेले नव्हते. आंब्याच्या दिवसांत आमचुरासाठी सौर वाळवणीयंत्राचाही विचार करा.

पण दिव्यांचा अर्ज त्याच दिवशी करा. गिरणी घेतली म्हणून उजेडावरचा हक्क सोडला, असे होता कामा नये. आणि माझे मत हे केवळ मत आहे. ठराव ग्रामसभेचा. एका प्राध्यापकाने फळ्यावर मांडलेल्या हिशेबावर विसंबून या खोऱ्याचे पूर्वी पुष्कळ नुकसान झाले आहे.

उद्या दुपारी आपण पांगू. त्याआधी प्रत्येक गावाच्या प्रतिनिधींनी कागदावर तीन ओळी लिहून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे : आपल्या पाड्यावर तारेबाहेरची घरे किती, पेसा निधीची शिल्लक किती, आणि बंद पडलेले दिवे किती. या तीन आकड्यांवरच पुढच्या ग्रामसभेचा ठराव उभा राहील. उरलेला हिशेब, सत्तावीस टक्क्यांतल्या त्या एका टक्क्याचा, आपण सर्वांनी मिळून मुंबईकडे मागावयाचा आहे.